दोन इंच एक सूत

हेडर म्हणजे काय, हे सतरा वर्षांत अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या एकाही मराठी माणसाला मला नीट सांगता आलेलं नाही. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एखादं नवीन जोडपं भेटतं, "काकू, तुम्ही काय करता?" असं विचारतं. मी म्हणते, "हेडर विकते." समोरचा चेहरा खुलतो. "अच्छा, म्हणजे तुम्हीपण सॉफ्टवेअरमध्ये!" मग मला सांगावं लागतं, की बाबा रे, तुझ्या हेडरमधून माहिती जाते, माझ्या हेडरमधून धूर जातो. तिथे चेहरा पुन्हा मिटतो आणि विषय मुलांच्या शाळेवर येतो.

मार्चमध्ये मी काम सोडलं. आता वेळ आहे, तर एकदा शेवटपर्यंत सांगून टाकते.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं आणि त्याचा धूर बाहेर पडावा लागतो. जुन्या अमेरिकन गाड्यांत असे आठ सिलिंडर, चार डाव्या अंगाला आणि चार उजव्या. कंपनी प्रत्येक बाजूला बिडाचा एक जाड, ओबडधोबड तुकडा बसवायची. चारही भोकांचा धूर त्यात एकमेकांना ढकलत बाहेर पडायचा. हेडर म्हणजे त्या बिडाच्या जागी बसवायच्या पोलादी नळ्या. प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी. चारही नळ्या वळणं घेत खाली उतरतात आणि एका तोंडात मिळतात. धूर मोकळा निघाला की इंजिनाला जोर येतो आणि आवाजही असा येतो, की साठी ओलांडलेले पुरुष फोनवर तो तोंडाने काढून दाखवतात.

आता अडचण. या गाड्या मुळात लहान इंजिनासाठी बनवलेल्या. पुढे कंपनीनेच त्यात मोठं इंजिन कोंबलं. त्यामुळे बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात जायला जागा नसते. एकीकडे स्टीअरिंगचा डबा, दुसरीकडे स्टार्टर, क्लचचा दांडा, ब्रेकची नळी आणि पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा ज्यात बसतात ते पत्र्याचे दोन उंच खांब. त्यांना टॉवर म्हणतात. या गर्दीतून चार नळ्या न्यायच्या. लांब हेडर घेतलं तर जोर जास्त, पण ते सगळ्याला घासतं आणि खाली इतकं लोंबतं की स्पीडब्रेकरला टेकतं. आखूड घेतलं तर बसतं, पण फायदा थोडा. मधल्या लांबीचंही असतं. गिऱ्हाइकाला हवं असतं लांब, आणि आमचं काम असायचं जागा किती आहे ते विचारत बसण्याचं.

मी नागपूरची. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. मी पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, वर्गात आम्ही दोघीच मुली. हिंगण्याच्या एमआयडीसीत सात वर्षं मापं तपासण्याचं काम केलं. मग प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इकडे नोकरी लागली. व्हिसा असा, की मला काम करता येत नव्हतं. ग्रीन कार्ड आल्यावर जाहिरात पाहून मी कॅरीबाहेरच्या एका गोदामात गेले. जुन्या गाड्यांचे पार्ट फोनवर विकायचे होते. मालक डग, लालबुंद चेहऱ्याचा, कमी बोलणारा. त्याने माझ्या पुढ्यात नळीचा तुकडा आणि कॅलिपर ठेवला. त्याचा प्रश्न संपायच्या आधी मी माप सांगितलं. तो म्हणाला, "सोमवारी ये."

पण माप कळणं वेगळं आणि बाजू कळणं वेगळं. दुसऱ्याच आठवड्यात जॉर्जियातल्या एकाला ड्रायव्हरच्या बाजूचं एकच हेडर हवं होतं. मी डोळ्यांपुढे गाडी आणली, ड्रायव्हर बसवला आणि उजव्या बाजूचं पाठवून दिलं. माझ्या डोळ्यांपुढची गाडी नागपूरची होती. परत आलेला खोका डगने माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "रेजिना, तुमच्याकडे ड्रायव्हर कुठे बसतो?" रजनी हे नाव फोनवर टिकलं नव्हतं. मी उजवा हात वर केला. तो गोदामातून एक मोडकं स्टीअरिंग व्हील आणून माझ्या डाव्या हाताच्या भिंतीवर ठोकून गेला.

काही जण माझा आवाज ऐकताच म्हणायचे, "मॅम, गाड्यांतलं कळणारं कुणी आहे का तिथे?" मी म्हणायची, "आहे, थांबा." डग फोन घ्यायचा, प्रश्न ऐकायचा, फोनवर हात ठेवून मला विचारायचा आणि मी सांगितलेलं आपल्या जाड आवाजात परत सांगायचा. गिऱ्हाईक खूष. मला सुरुवातीला राग यायचा. पुढे सवय झाली, आणि सवय झाली याचाही कधी कधी राग यायचा.

अशी सांगण्यासारखी माणसं खूप आहेत. पण सांगायचंय मला अर्लबद्दल, कारण त्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

अर्ल पश्चिमेकडच्या डोंगरात राहायचा, आमच्यापासून साडेतीन तासांवर. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर शाळेच्या बसेस दुरुस्त केलेल्या. बायको वारलेली, घरात एकटा. तरुणपणी घेतलेली दोन दारांची गाडी घराला लागून असलेल्या छपराखाली, कारपोर्टात उभी. तिचा मॅनिफोल्ड, म्हणजे तो बिडाचा जाड तुकडा, तडकला होता, म्हणून त्याला हेडर बसवायचं होतं. त्याची मुलगी लिंडा तिथून तासाभरावर राहायची. तिने गाडीच्या कागदांवरून इंजिनाचं नाव वाचून आमच्या वेबसाइटवरून लांब हेडर मागवलं. ते बसलं नाही. मग अर्लने फोन केला.

"मॅम, माझं नाव अर्ल. माझ्याकडे एक जुनी गाडी आहे, आणि तुमचं हेडर तिच्यात जात नाही."

सावकाश, आदबशीर बोलणं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. इंजिन तेच, गिअर हाताचे, स्टीअरिंग साधं. त्याने इंजिनाचं डोकं, म्हणजे नळ्या जिथे बोल्टने बसतात तो भाग, आणि डावा टॉवर यांमधलं अंतर सांगितलं. ते अंतर त्या गाडीत, त्या इंजिनाला, तीन इंचांच्या वर असायला हवं. त्याने एक इंच कमी सांगितलं. मला वाटलं, टेप तिरकी धरली असेल. मी आखूड हेडर पाठवलं, जे त्या गाडीत डोळे मिटून बसतं.

ते नाही बसलं. त्याचा पुन्हा फोन आला.

"मॅम, माझं नाव अर्ल. माझ्याकडे एक जुनी गाडी आहे..."

मला वाटलं, फोनवर बोलायची त्याची पद्धत असेल. पण त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं, जणू आम्ही कधी बोललोच नव्हतो. मी म्हटलं, "हो अर्ल, मागच्या मंगळवारी आपलं बोलणं झालं." मग तो म्हणाला, "असं का? माफ करा हं." त्या 'माफ करा'मध्ये इतकी घाबरगुंडी होती की मलाच कानकोंडं झालं.

"नळ्या इंजिनाच्या डोक्यावर नीट बसतात का?" मी विचारलं.

"भोकं सगळी जुळतात. बोल्टही जातात. पण पहिली नळी टॉवरवर टेकते. मध्ये कागद जात नाही."

आता मी पुरती गोंधळले. भोकं जुळतात म्हणजे इंजिन बरोबर. इंजिन बरोबर म्हणजे जागा असायला हवी. टॉवर काही जाड होत नाहीत. मी डगला विचारलं, त्याने खांदे उडवले. "मापायला चुकतोय म्हातारा." त्यानंतर अर्ल दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचा. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. कधी मी रेजिना, कधी रोझी. आमच्याकडे प्रत्येक फोनची नोंद कॉम्प्युटरवर करायची पद्धत होती. मी नोंद करत राहिले आणि त्याचं बोलणं निम्म्या कानाने ऐकत राहिले.

मग एक दिवस लिंडाचा फोन आला. आवाज थकलेला.

"माझ्या वडिलांना यापुढे काही विकू नका, प्लीज. त्यांना लक्षात राहत नाही. मला फक्त एक सांगा. चूक पार्टची आहे की त्यांची?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. "हा पार्ट याच गाडीसाठी, याच इंजिनासाठी बनवलेला आहे. बाकी सगळ्यांना बसतो."

"म्हणजे त्यांची."

मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं, हे मला त्या क्षणी कळत होतं.

"थँक यू," ती म्हणाली. "त्यांना एकटं राहू द्यायचं की नाही हे आम्ही ठरवतोय. ते म्हणतात, मी आजही इंजिन उघडून परत बसवू शकतो. मला कुणीतरी हे सांगायला हवं होतं."

फोन ठेवला आणि मी अर्लच्या खात्यावर लिहिलं, 'गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो. मापं भरवशाची नाहीत. मुलीशी बोलल्याशिवाय ऑर्डर घेऊ नये.' तीन वाक्यं. व्याकरण शुद्ध.

त्यानंतरही त्याचा एकदा फोन आला. मी म्हटलं, "लिंडाला फोन करायला सांगाल का?" तो म्हणाला, "लिंडाला कशाला त्रास? मोजायला मी आहे की." मी काहीतरी गोलमोल बोलले आणि नोंद केली.

आठवडाभराने डगने जुनी खाती आवरायला सांगितली. अर्लचं खातं बंद करण्याआधी मी नोंदी वरपासून वाचल्या. सहा फोन, सहा नोंदी. तारखा वेगळ्या, माझं नाव वेगळं, हवामानाची गोष्ट वेगळी. आणि प्रत्येक नोंदीत माप एकच. दोन इंच आणि एक अष्टमांश. सहाही वेळा.

आमच्या बाबांच्या वर्कशॉपात इंचाचे आठ भाग करायचे आणि एका भागाला सूत म्हणायचे. दोन इंच एक सूत. मी त्या आकड्याकडे बघत बसले. ज्याला मंगळवारचं बोलणं शुक्रवारी आठवत नाही, त्याला सूत कसं आठवेल? त्याला ते आठवतच नव्हतं. तो प्रत्येक फोनच्या आधी कारपोर्टात जाऊन नव्याने मोजत होता. सहा वेळा मोजून सहा वेळा एकच माप आलं, तर चुकत कोण होतं?

संध्याकाळी जेवताना प्रशांतला सांगितलं. त्याने पोळी हातात धरून विचारलं, "अगं, रीडिंग सहाही वेळा सेम आहे ना?"

"हो."

"मग सेन्सर ओके आहे, यार. स्पेक चुकलाय. तू स्पेकलाच देव मानून राहिली."

"पण भोकं जुळताहेत. इंजिन तेच आहे."

"कोण म्हणतं तेच आहे?"

कागद म्हणत होते. लिंडाने कागदावरून वाचलं होतं, मी लिंडाच्या ऑर्डरवरून धरून चालले होते आणि इंजिनाकडे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

मी लिंडाला फोन केला. म्हटलं, मला एकदा येऊन बघू दे. "शनिवारी मी तिथेच आहे," ती म्हणाली. "सामान बांधायला. महिनाअखेर त्यांना माझ्याकडे नेतोय. गाडीसुद्धा काढून टाकतोय."

शनिवारी आम्ही दोघं निघालो. ऑक्टोबरमध्ये सगळी कॅरी डोंगरातली रंगलेली पानं बघायला जाते, त्यामुळे प्रशांत खूष होता. मी रस्ताभर एकच मनात घोळवत होते. मापं चुकीची निघाली तर मी साडेतीन तास गाडी चालवून एका म्हाताऱ्याचा अपमान करायला निघालेय, आणि बरोबर निघाली तर तो अपमान आधीच करून झालाय.

अर्ल उंच, ताठ, दाढी गुळगुळीत केलेला. पँट खांद्यांवरून घेतलेल्या पट्ट्यांनी धरलेली. मी सांगितलं, "मी हेडरच्या दुकानातून आलेय." त्याचे डोळे मोठे झाले. "काय सांगता! मी तुम्हाला फोन करणारच होतो."

त्याने बॉनेट उघडलं. खिशातून पोलादी पट्टी काढली, शर्टाच्या टोकाने पुसली, आत घातली, वाकून एक डोळा मिटला. घाई नाही. पट्टी न हलवता मला जागा करून दिली, म्हणजे मला स्वतः वाचता यावं. फिटर माणसं असं करतात. दोन इंच एक सूत. मी माझ्या टेपने मोजलं. तेच. दुसऱ्या बाजूला मोजलं, तिथेही जवळपास तेच.

मग मी उजव्या बाजूला, स्टार्टरच्या वर, टॉर्च आणि तारेचा ब्रश घेऊन घुसले. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, ओततानाच उठवलेला नंबर असतो; इंजिन कोणतं ते त्यावरून कळतं. प्रत्येक वेळी अर्धाच दिसायचा. प्रशांतने टॉर्च धरला, अर्लने ब्रश मागून घेतला आणि माझ्यापेक्षा नीट घासलं. मी डगला फोन लावून एकेक अक्षर वाचलं.

डग तिकडे कॅटलॉगची पानं उलटत होता. मग म्हणाला, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"रेजिना, हे ते इंजिन नाही. हा त्याचा मोठा भाऊ आहे."

एकाच घराण्यातली दोन इंजिनं. चेहरामोहरा एक, डोक्याची भोकं एक. पण मोठ्याचा ब्लॉक धाकट्यापेक्षा सव्वा इंचाहून जास्त उंच, आणि दोन्ही बाजू तिरक्या असल्यामुळे तो जितका उंच तितका बाहेरही सरकलेला. म्हणून बोल्ट जायचे आणि नळी टॉवरला टेकायची. या गाडीत कंपनीने हे इंजिन कधी घातलंच नव्हतं. कुणीतरी नंतर बसवलं होतं.

"कुणी बदललं?" अर्लने विचारलं. तो खरंच गोंधळला होता. बॉनेटच्या कडेला दोन्ही हात टेकून आपल्याच गाडीकडे परक्यासारखा बघत होता. "मी ही कुणाला दिली नाही कधी."

लिंडा खोका घेऊन पायरीवर उभी होती. तिने तो खाली ठेवला.

"डॅडी, त्या अक्रोडाच्या झाडाला इंजिन टांगलं होतं ना? साखळीने. मी नऊ वर्षांची होते. आई तीन आठवडे भांडत होती, कपडे कुठे वाळत घालू म्हणून."

"हो?"

"मी इतकी वर्षं समजत होते, ते ट्रकचं होतं."

अर्लने झाडाकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, पुन्हा झाडाकडे पाहिलं. काही आठवलं असं चेहऱ्यावर दिसलं नाही. मग तो इंजिनाच्या पायाशी वाकला, एक बोल्ट बोटाने चाचपला आणि म्हणाला, "मी केलं असेल, तर काम चांगलं केलंय."

लिंडा हसली आणि लगेच घरात गेली. मी तिच्या मागे गेले. मला माफी मागायची होती. वाक्यं रस्ताभर जुळवली होती. स्वयंपाकघरात तिने मला काही बोलू न देता कपाट उघडून दाखवलं. तळ जळून काळी झालेली तीन पातेली. टेबलाच्या खणात महिन्यांची न उघडलेली पत्रं. फ्रिजवर तिच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, 'शेगडी बंद केली का?'

"तुम्ही चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण त्यांचं माप बरोबर निघालं म्हणून हे सगळं खोटं ठरत नाही."

"नाही," मी म्हटलं. "पण मी तुला सांगितलं होतं की चूक त्यांची आहे. ती नव्हती."

"माहीत आहे." तिने कपाट लावलं. "आता मला ठरवणं सोपं झालं की अवघड, तेच कळत नाहीये."

मलाही कळत नव्हतं, आजही कळत नाही. मी एका माणसाची पत राखायला गेले होते, तर त्याच्या मुलीचा निर्णय आणखी जड करून आले. माझ्या त्या तीन वाक्यांतलं पहिलं खरं होतं. दुसरं खोटं होतं. आणि पहिल्यावरून मी दुसरं लिहिलं होतं.

लिंडाने गाडी विकायचं तेवढं पुढे ढकललं. परतायच्या आधी अर्ल, लिंडा आणि मी अशा तिघांनी बॉनेटवर कागद पसरून हेडर निवडलं. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं नीट मी कुणासाठी निवडलं नसेल. अर्लचे प्रश्न नेमके होते.

"लांब घेतलं तर क्लचच्या दांड्याला लागेल?"

"लागेल."

"आणि आखूड?"

"या इंजिनासाठी या गाडीत बसणारं आखूड कुणी बनवत नाही. मधल्या लांबीचं एकच आहे. पहिली नळी टॉवरच्या खालून जाते. स्टार्टर मात्र लहान घ्यावा लागेल."

"मागच्या डाव्या प्लगला पाना जाईल?"

"आखूड दांड्याचा."

"तो आहे माझ्याकडे," अर्ल म्हणाला. "बसेसना तोच लागायचा." आणि गेला आणि पहिल्याच खणातून घेऊन आला.

डगने ते हेडर खास मागवलं. वरून सिरॅमिकचा लेप दिलेलं, कारण ब्रेकची नळी बोटभर अंतरावर होती आणि उष्णतेने तिचं तेल उकळलं असतं. ते आलं, तेव्हा डग म्हणाला, "मीपण येतो." सतरा वर्षांत डग कुणा गिऱ्हाइकाच्या घरी गेल्याचं मी ऐकलं नव्हतं.

बसवायला सकाळपासून दुपार झाली. डाव्या बाजूचं हेडर वरून जातच नाही. इंजिनाचे पायाचे बोल्ट सैल करायचे, खाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा लावून इंजिन इंचभर उचलायचं आणि हेडर खालून वर सरकवायचं. डग गाडीखाली, मी वरून नळ्या ओढतेय, अर्ल जॅकवर. "थांबा," तो मध्येच म्हणाला. "ब्रेकची नळी." डगला ती दिसली नव्हती. आणखी एकदा जॅक मारला असता तर चेपली असती. बोल्ट अर्लनेच आवळले, मधल्यापासून कडेकडे, दोन फेऱ्यांत, एकही न चुकता. मग हात पुसून त्याने लिंडाला विचारलं, जेवायचं काय आहे. आम्हाला जेवून तास झाला होता. सँडविचची ताटली त्याच्या शेजारीच होती.

इंजिन सुरू झालं. डग टोपी काढून उभा राहिला.

अर्लचं लायसन्स उन्हाळ्यातच लिंडाने काढून घेतलं होतं. त्याने किल्ली हातात धरली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली आणि तिच्या हातात दिली. लिंडाला हाताचे गिअर येत नव्हते. तो शेजारी बसला. मी मागे, गुडघे हनुवटीशी घेऊन. गाडी दोनदा बंद पडली.

"पाय सावकाश सोड," अर्ल म्हणाला. "क्लच कुठे धरतो ते गाडी सांगते. ऐक."

"डॅडी, मला काही ऐकू येत नाहीये."

"येईल. घाई कुणाला आहे?"

तिसऱ्यांदा गाडी निघाली. उतारावरून चर्चपर्यंत, तिथून वळून नदीच्या कडेने. तो तिला एकेक गिअर सांगत होता, हात मांडीवर ठेवून, एकदाही आवाज न चढवता. लिंडा रडत होती आणि गाडी चालवत होती, आणि दोन्ही बऱ्यापैकी जमत होतं. पुढच्या आठवड्यात तो तिच्याकडे राहायला जाणार होता. ते बदललं नव्हतं. गाडी मात्र सोबत जाणार होती.

परतीच्या चढावर गाडीने जोर घेतला. अर्लने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, प्रसन्न, नव्याने ओळख झाल्यासारखं.

"मॅम, तुम्ही काय काम करता?"

"मी जुन्या गाड्यांची हेडर विकते."

"खरं की काय!" तो सीटवर अर्धा वळला. "मग बरं झालं तुम्ही भेटलात. माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. तिच्यात हेडर जात नाही, आणि कुणाला पटतच नाही."

आरशात लिंडाचे डोळे माझ्याकडे लागले होते. मी काय म्हणावं हे तिलाही माहीत नव्हतं. नवीन हेडरमधून आठ सिलिंडरांचा आवाज आमच्या पायांखालून येत होता. बसलंय म्हणून सांगावं, की तुम्हीच बसवलंत म्हणून सांगावं, मला ठरवता येईना.

मी पर्समधून पेन आणि कागद काढला, पुढे सरकून त्याच्या सीटच्या पाठीवर कागद टेकवला.

"सांगा, अर्ल," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांगा."